बाहूवरून बाहूवर : प्रारंभीच्या लसीकरण-कायद्यांतील एक उपेक्षित प्रश्न

देवीच्या लसीकरणाविषयी एकोणिसाव्या शतकात जे कायदे झाले त्यांचा इतिहास सामान्यतः एकाच वादाच्या अंगाने लिहिला जातो. नागरिकाच्या, किंबहुना त्याच्या अपत्याच्या, शरीरावर सक्ती करण्याचा अधिकार राज्यसंस्थेला आहे काय, आणि असल्यास त्याची मर्यादा कोणती, हा तो वाद होय. त्याचे महत्त्व कोणी नाकारणार नाही. इंग्लंडमध्ये तो अर्धशतक चालला आणि 'सदसद्विवेकबुद्धीने विरोध करणारा नागरिक' ही संकल्पना तेथील कायद्यात प्रथम ह्याच वादातून आली. तथापि, ह्या वादाच्या धुरळ्यात एक अगदी व्यावहारिक प्रश्न झाकला गेला आहे. मुलांना टोचावयाची ती लस येत होती कोठून?

ह्या प्रश्नाचे उत्तर असे की, पहिली ऐंशी-नव्वद वर्षे ती बहुतांशी दुसऱ्या मुलाच्या बाहूवरून येत होती. म्हणजे कायदा प्रत्येक मुलाकडून दोन गोष्टी मागत होता. त्याने लस घ्यावी ही पहिली, आणि आठवड्याने आपल्या फोडातील लस दुसऱ्यासाठी द्यावी ही दुसरी. पहिल्या मागणीवर व्याख्याने झाली, ग्रंथ झाले, मोर्चे निघाले. दुसरी मात्र कायद्याच्या एखाद्या कलमात मुकाट्याने बसून राहिली. ही दुसरी मागणी लक्षात घेतल्याशिवाय तत्कालीन विरोधाचे स्वरूप नीट उलगडत नाही, आणि आपल्याकडील १८८० च्या कायद्यातील एका विलक्षण तरतुदीचाही अर्थ लागत नाही, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

आपल्या भाषेने ह्या प्रक्रियेची खूण चांगली जपली आहे. 'लस' हा शब्द आज बाटलीतील औषधाचा वाचक झाला असला तरी जखमेतून वा फोडातून पाझरणारा पातळ द्रव हा त्याचा जुना अर्थ अद्याप बोलण्यात आहे. जखमेला लस येते, असे आपण म्हणतोच. 'देवी काढणे' हा प्रयोगही असाच बोलका आहे. रोग अंगावर येण्याआधी तो बाहूवर हाताने उमटवावयाचा, ही कल्पना त्यात स्पष्ट आहे. इंग्रजी 'व्हॅक्सिनेशन' हा शब्द गायीच्या लॅटिन नावावरून आला. पण जेन्नरनंतरच्या काळात गायीकडे वळण्याचा प्रसंग लस टोचणाऱ्यांवर क्वचितच येई. वस्तुस्थितीशी मराठी शब्दच अधिक प्रामाणिक राहिला म्हणावयाचा.

एडवर्ड जेन्नरने १४ मे १७९६ रोजी जेम्स फिप्स ह्या आठ वर्षांच्या मुलाला जी लस टोचली ती सारा नेल्म्स ह्या गवळणीच्या हातावरील गोस्तनदेवीच्या फोडातून घेतलेली होती. म्हणजे पहिल्या प्रयोगातच लस माणसाकडून माणसाकडे गेली होती. गायींना हा रोग अधूनमधून आणि एखाद्याच गोठ्यात होई. हवा तेव्हा तो सापडत नसे. १७९८ मध्ये जेन्नरने आपला प्रबंध प्रसिद्ध केला तोवर त्याने एका मुलाच्या बाहूवरून दुसऱ्याच्या बाहूवर अशी साखळी चालवून पाहिली होती आणि लसीचा गुण तशा प्रवासात टिकतो हे त्याला दिसले होते. पुढे सर्व जगभर हीच रीत रूढ झाली. टोचल्यानंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी त्या जागी पुटकुळी दिसू लागे. आठव्या दिवसाच्या सुमारास ती स्वच्छ द्रवाने टरारे. तो द्रव नस्तराच्या टोकावर घेऊन लगेच पुढच्या मुलाला टोचावयाचा. आणखी दोन-तीन दिवस गेले की द्रव गढूळ होऊन निरुपयोगी ठरे. लस दोऱ्यावर, काचेवर किंवा हस्तिदंती सुयांच्या टोकांवर वाळवून पाठविता येत असे, परंतु उष्ण हवेत आणि दीर्घ प्रवासात ती बहुधा निर्जीव होऊन पोहोचे. तेव्हा लस जिवंत ठेवणे म्हणजे दर आठवड्याला तिला नवे मूल मिळवून देणे, असेच समीकरण झाले.

लस मुंबईला आली ती ह्याच अडचणीशी झगडत. इंग्लंडहून समुद्रमार्गे पाठविलेली लस वाटेतच वाया जाई. अखेरीस व्हिएन्ना येथील डॉ. जाँ द कारो ह्याने खुष्कीच्या मार्गाने ती पूर्वेकडे धाडली आणि बगदाद व बसरा येथे तिची साखळी नव्याने सुरू होऊन ती मुंबईस पोहोचली. १४ जून १८०२ रोजी अ‍ॅना डस्टहॉल ह्या तीन वर्षांच्या मुलीला मुंबईत लस टोचण्यात आली व ती यशस्वी झाली. हिंदुस्थानातील पहिले लसीकरण ते हेच. पुढच्या आठवड्यात तिच्या बाहूवरील लस पाच मुलांना देण्यात आली, आणि तेथून ती पुणे, सुरत, हैदराबाद, मद्रास, सिंहलद्वीप अशी पसरत गेली. अ‍ॅनाचे नाव लसीकरणाच्या इतिहासात 'हिंदुस्थानातील पहिली लसधारक' म्हणून नोंदले जाते. परंतु त्या काळच्या दृष्टीने पाहिल्यास, ती लस घेणारी पहिली होती ह्यापेक्षा लस देणारी पहिली होती, हे अधिक मोलाचे होते. तिच्या बाहूवर फोड उठला नसता तर सारी खटपट पुन्हा बगदादपासून करावी लागली असती.

स्पेनच्या राजाने ह्याच काळात काढलेली मोहीम तर ह्या पद्धतीचे उघडेवाघडे रूपच होय. ३० नोव्हेंबर १८०३ रोजी डॉ. फ्रान्सिस्को हाव्हिएर बाल्मिस हा ला कोरून्या बंदरातून अमेरिकेकडे निघाला तेव्हा त्याच्याबरोबर बावीस अनाथ मुले होती. दर नऊ-दहा दिवसांनी त्यांपैकी दोघांना टोचावयाचे, त्यांच्या फोडांतून पुढच्या दोघांना, अशा रीतीने अटलांटिक ओलांडेपर्यंत लस जिवंत राहिली. पुढे पॅसिफिक ओलांडून फिलिपाइन्सला जाताना बाल्मिसने मेक्सिकोतून सव्वीस मुले घेतली. ह्या मोहिमेने असंख्य जीव वाचविले, आणि तिची थोरवी गायली जाते ती उगीच नव्हे. पण पात्रे म्हणून निवडली गेली ती अनाथाश्रमातील मुले. ज्यांच्या वतीने नकार देणारे कोणी नव्हते अशीच ती होती, ही गोष्ट पुढील कायद्यांचा विचार करताना स्मरणात ठेवण्याजोगी आहे.

इंग्लंडमधील पहिला कायदा १८४० चा. त्याने दोन कामे केली. प्रत्यक्ष देवीच्या रोग्याची लस टोचण्याची जुनी पद्धत त्याने दंडनीय ठरविली, कारण तीमुळे टोचलेल्या व्यक्तीकडून खरा रोग इतरांस होण्याचा धोका असे. आणि दरिद्री-कायद्याखालील 'गार्डियन' मंडळांमार्फत जेन्नरची लस फुकट टोचण्याची सोय केली. ही सोय गरिबांच्या मदतखात्यातून आल्यामुळे लस टोचून घेणारा माणूस भिक्षेकरी ठरतो की काय, अशी शंका निघाली. ती दूर करण्यासाठी दुसऱ्याच वर्षी, १८४१ मध्ये, अशी लस घेणे म्हणजे धर्मादाय मदत घेणे नव्हे, असे संसदेला सांगावे लागले. कायद्याने सांगितले खरे. पण ज्या दारात उभे राहण्याची माणसाला लाज वाटते ते दार ह्या दुरुस्तीने बदलले नाही.

सक्ती आली ती १८५३ च्या कायद्याने. लंडनच्या साथरोग-संस्थेच्या प्रेरणेने लॉर्ड लिटलटन ह्यांनी ते विधेयक मांडले होते. मूल तीन महिन्यांचे होण्याच्या आत त्याला लस टोचविली पाहिजे, आणि टोचल्यानंतर आठव्या दिवशी तपासणीसाठी परत आणले पाहिजे. न आणल्यास वीस शिलिंगपर्यंत दंड, असे त्याचे स्वरूप होते. त्या काळी वीस शिलिंग ही रक्कम शेतमजुराच्या आठवड्याच्या मजुरीहून अधिक होती. मात्र खटले कोणी भरावयाचे हे कायद्यात कोठेच नव्हते. जन्मनोंदणी-अधिकाऱ्याने बापाला सूचना द्यावी आणि आपली वही बंद करावी, एवढेच. त्यामुळे पहिल्या एक-दोन वर्षांनंतर कायद्याचा धाक ओसरला ह्यात नवल नाही.

येथे त्या आठव्या दिवसाकडे थोडे बारकाईने पाहिले पाहिजे. तपासणीचे कारण खरे होते. फोड नीट उठला की नाही हे पाहिल्याशिवाय मूल सुरक्षित झाले असे म्हणता येत नसे. परंतु त्याच दिवशी, त्याच खोलीत, नव्याने टोचावयाची मुले रांगेत बसलेली असत आणि त्यांच्यासाठी लागणारी लस तपासणीस आलेल्या मुलांच्या बाहूंवर तयार असे. सार्वजनिक लसीकरणाचे सारे यंत्र ह्या दोन रांगांच्या भेटीवर चालत होते. ज्या आठवड्यात मुले परत येत नसत त्या आठवड्यात ते बंद पडे. फोडातून लस काढणे हे फारसे कष्टाचे काम नव्हे. पण तो फोड आईच्या दृष्टीने जखमच होती, ती पुन्हा उकरली जाई, आणि त्यातून तिच्या मुलाचा काही लाभ नसे. शिवाय, रांगेत येणारी मुले कोणाची? ऐपतदार कुटुंबांत खाजगी वैद्य घरी येई. सरकारी केंद्रात येत ती मजुरांची व कारागिरांची मुले. लंडनच्या राष्ट्रीय लस-संस्थेकडून देशभरच्या वैद्यांना जी लस वाटली जाई ती अशाच केंद्रांतून गोळा केलेली असे. गरिबाचे मूल आपल्यापुरती लस घेत होते आणि श्रीमंताच्या मुलाची लस तयारही करीत होते, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

१८६७ च्या कायद्याने सक्तीला दात दिले. एकदा दंड भरून सुटका होण्याचा मार्ग बंद झाला. मूल चौदा वर्षांचे होईपर्यंत बापाला पुन:पुन्हा न्यायालयात खेचता येऊ लागले. १८७०–७२ च्या महाभयंकर साथीत इंग्लंड व वेल्समध्ये सुमारे ४२,००० माणसे देवीने दगावली, आणि त्या सावटाखालीच १८७१ चा कायदा होऊन प्रत्येक 'गार्डियन' मंडळाला लसीकरण-अधिकारी नेमणे भाग पडले. ह्याच कायद्यात आपल्या विषयाचे ते मुके कलम आहे. सरकारी लस टोचणाऱ्याला मुलाच्या फोडातून लस घेऊ देण्यास जो प्रतिबंध करील त्याला वीस शिलिंगपर्यंत दंड, असे त्यात म्हटले आहे. मराठीत दंड शब्दाचे दोन्ही अर्थ एकाच वाक्यात यावेत असा हा प्रसंग. लस घेण्याची सक्ती मुलाच्या स्वतःच्या आणि शेजाऱ्याच्या रक्षणासाठी आहे, ह्या युक्तिवादाने समर्थनीय ठरते. आणि माझ्या मते तो युक्तिवाद बळकट आहे. देण्याची सक्ती मात्र त्या युक्तिवादात बसत नाही. ती मुलाला साधन मानते. संसदेत सक्तीवर इतके बोलले गेले, पण हा फरक कोणी नेमकेपणाने मांडल्याचे आढळत नाही.

ह्यात भीतीची एक ठोस बाजूही होती. १८६१ मध्ये इटलीतील रिवाल्टा गावी एका वरवर निरोगी दिसणाऱ्या मुलापासून सुरू झालेल्या साखळीतून ६३ मुलांना लस टोचली गेली आणि त्यांपैकी ४६ मुलांना उपदंशाची बाधा झाली. काही माताही मुलांमुळे रोगग्रस्त झाल्या. लसीच्या पुरस्कर्त्यांनी अशा गोष्टी प्रथम अशक्य कोटीतल्या ठरविल्या होत्या. परंतु १८७१ मध्ये जोनाथन हचिन्सन ह्या नामांकित शल्यवैद्याने खुद्द लंडनमधील तशी उदाहरणे वैद्यकसभेपुढे मांडली, तेव्हा ती नाकारण्याची सोय उरली नाही. अशी उदाहरणे लसीकरणाच्या एकूण संख्येच्या मानाने अत्यल्प होती हे खरेच. पण ज्या बापाला आपल्या मुलासाठी कोणाच्या बाहूवरील लस घेतली जाते ते विचारण्याचीही सोय नव्हती, त्याला ही टक्केवारी सांगून काय उपयोग?

लसविरोधी चळवळीचा इतिहास लिहिताना पुष्कळ लेखक तिला अज्ञानाच्या खात्यात टाकून मोकळे होतात. तिच्यात अज्ञान भरपूर होते. लसीने देवी टळत नाही, हा तिचा मुख्य दावा साफ खोटा होता, आणि साथींच्या काळात त्याची किंमत मुलांनी मोजली. लेस्टर शहरात २३ मार्च १८८५ रोजी प्रचंड मिरवणूक निघाली. उपस्थितांचे तत्कालीन अंदाज ८० हजारांपासून एक लाखापर्यंत जातात. तीत जेन्नरच्या प्रतिमेची विटंबना झाली. परंतु त्या मिरवणुकीतील सर्वच लोक खुळ्या समजुतींपायी आले होते असे मानणे बरोबर नाही. दंड न भरता आल्याने घरातील सामानसुमान लिलावात गेलेली आणि तुरुंगवास भोगलेली माणसे तीत होती. आणि लेस्टरच्या नगरपालिकेने रोग्याची तत्काळ सूचना व विलगीकरण ह्यांवर भर देऊन जो क्रम पुढे चालविला, तो सार्वजनिक आरोग्याच्या शास्त्राने नंतर आपलासा केलाच.

वासराच्या अंगावर लस वाढविण्याची युक्ती नवी नव्हती. नेपल्समध्ये ती दीर्घकाळ चालत होती, आणि १८६४ च्या लिआँ येथील वैद्यक-परिषदेनंतर ती युरोपभर माहीत झाली. इंग्लंडने मात्र ती सरकारी रीतीने स्वीकारण्यास १८८१ साल उजाडू दिले. माणसाच्या बाहूवरून आलेली लस अधिक भरवशाची असते असे तेथील अधिकाऱ्यांचे मत होते; शिवाय ती फुकट होती. वासरे विकत घ्यावी लागतात. ह्या दुसऱ्या कारणाचा उच्चार अहवालांत कमी आढळतो, पण ते कमी प्रभावी असेल असे वाटत नाही. १८९१ मध्ये माँक्टन कोपमनने वासराच्या लसीत ग्लिसरीन मिसळल्यास इतर जंतू नाहीसे होऊन लस शुद्ध राहते, असे दाखविले आणि शेवटची शास्त्रीय सबब संपली.

राजनियुक्त आयोगाने १८८९ पासून १८९६ पर्यंत साक्षी घेऊन पुन:पुन्हा दंड करण्याची प्रथा बंद करण्याची शिफारस केली, आणि १८९८ चा कायदा झाला. तो आठवला जातो तो त्यातील सदसद्विवेकाच्या कलमासाठी. न्यायाधीशांची खात्री पटवून बापाला सूट घेता येऊ लागली आणि त्या वर्षअखेरपर्यंत दोन लाखांहून अधिक सूट-पत्रे दिली गेली. परंतु त्याच कायद्याने आणखी काही बदल केले. मुदत तीन महिन्यांवरून सहा महिन्यांवर गेली, लस टोचणाऱ्याने मुलाच्या घरी जावे असे ठरले, आणि ग्लिसरीनयुक्त वासराची लस वापरावी असे विहित झाले. दोन रांगांची ती खोली ह्यामुळे ओस पडली. मुलाने लस द्यावयाची ही मागणी कायद्यातून नाहीशी झाली. विरोध ओसरण्याचे श्रेय विवेक-कलमाला किती आणि ह्या बदलाला किती, हे तोलून सांगणे कठीण आहे. पण इतिहासकारांनी सारे श्रेय पहिल्यालाच दिले आहे, ते मला न्याय्य वाटत नाही. पुढे १९०७ मध्ये केवळ प्रतिज्ञालेखावर सूट मिळू लागली आणि १९४८ मध्ये सक्तीच संपली.

हिंदुस्थानात हा प्रश्न असा मुका राहणे शक्यच नव्हते, कारण येथे जातिव्यवस्था होती. कोणाच्या बाहूवरील लस कोणाच्या मुलाला, हा प्रश्न येथे पहिल्या दिवसापासून उघडपणे विचारला गेला. मुंबई इलाख्यात १८२७ पासून गावोगाव फिरणाऱ्या लस टोचणाऱ्यांची व्यवस्था सुरू झाली. फिरत्या पद्धतीत एका गावी टोचलेले मूल पुढच्या गावी नेणे हाच लस नेण्याचा खात्रीचा उपाय, आणि आपले मूल असे न्यावयास देणारे आईबाप सहसा अत्यंत गरीब व तथाकथित खालच्या जातींतले असत. त्यासाठी त्यांना थोडेफार पैसेही दिले जात. मग उच्चवर्णीय घरांतून त्या मुलाची लस नाकारली जाई. अधिकारी ह्याला अंधश्रद्धा म्हणत. विटाळाच्या कल्पनेचे समर्थन कोणीही करणार नाही. पण एक गोष्ट लक्षात घ्यावी, की भाडोत्री आणलेल्या त्या मुलाच्या आईची तक्रार ह्या साऱ्या पत्रव्यवहारात सर्वांत कमी ऐकू येते. तिच्या मुलाचा फोड गावागणिक उकरला जात होता.

कायद्याची सुरुवात इंग्लंडप्रमाणेच जुन्या पद्धतीच्या बंदीने झाली. बंगालमध्ये टिकादार लोक खऱ्या देवीची लस टोचीत. हॉलवेलने १७६७ मध्ये तिचे सविस्तर व बरेचसे गुणग्राही वर्णन प्रसिद्ध केले होते. १८६५ मध्ये कलकत्ता व उपनगरांत ती बेकायदा झाली. मुंबई शहरासाठी १८७७ चा पहिला कायदा होऊन लसीकरण सक्तीचे झाले. अखिल हिंदुस्थानासाठी सय्यद अहमद खान ह्यांनी व्हाइसरॉयच्या विधिमंडळात विधेयक मांडले आणि तो १८८० चा तेरावा कायदा ठरला. हिंदी सभासदाने पुढाकार घेतलेल्या आरंभीच्या कायद्यांपैकी हा एक होय. तो सर्वत्र लागू होणारा नव्हता. नगरपालिका व लष्करी छावण्या ह्यांच्या हद्दीत, तेथे तो लावण्याचे ठरल्यासच, अंमलात येई. सहा महिने वयापुढच्या मुलांना तो लागू होता, परंतु मुलग्यांना चौदा वर्षांपर्यंत आणि मुलींना आठ वर्षांपर्यंतच. त्या काळच्या बालविवाहाची व पडद्याची ही मूक दखल असावी. कायद्याची 'असुरक्षित मूल' ह्या संज्ञेची व्याख्याही पाहण्यासारखी आहे. ज्याला नैसर्गिक रीतीने देवी आलेल्या नाहीत, जुन्या पद्धतीने टोचलेले नाही आणि यशस्वी लसही दिलेली नाही, ते मूल असुरक्षित. ज्या टिकादाराचा धंदा कायदा बंद करीत होता, त्याच्या हाताला गुण होता हे तो कबूलही करीत होता!

परंतु आपल्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची तरतूद लसीच्या उगमाविषयीची आहे. नियमांत जनावराची लस विहित असेल आणि आईबापांना माणसाची हवी असेल, तर माणसाची दिली पाहिजे. उलट, माणसाची लस विहित असेल, जनावराची तेथे मिळत असेल आणि आईबापांनी ठरावीक शुल्क भरण्याची तयारी दाखविली, तर जनावराची दिली पाहिजे. हे शुल्क एक रुपयाहून अधिक असता कामा नये. इंग्लंडमधील बापाला जो प्रश्न विचारण्याचीही मुभा नव्हती त्याचे उत्तर हिंदुस्थानातील बापाला कायद्याने, १८९८ च्या अठरा वर्षे आधी, देऊ केले होते. परकीय सत्तेची सावधगिरी ह्यामागे होती, तत्त्वनिष्ठा नव्हे, असे कोणी म्हणेल. तसे असू शकेल. आणि तो रुपयाही नजरेआड करून चालणार नाही. ज्याच्याजवळ रुपया होता त्याने दुसऱ्याच्या मुलाची लस टाळली. ज्याच्याजवळ नव्हता त्याच्या मुलाला ती घ्यावीही लागली आणि आठव्या दिवशी तिचा फोड पुढच्यासाठी तयारही ठेवावा लागला.

मुंबई इलाख्यातील जिल्ह्यांसाठी १८९२ मध्ये वेगळा कायदा झाला. शतकाच्या अखेरीकडे जनावराच्या लसीचा प्रसार वाढला. गायीच्या वासराला इजा करण्यास होणारा विरोध टाळण्यासाठी अनेक ठिकाणी म्हशीच्या रेडकांचा उपयोग करण्यात येऊ लागला. जेन्नरची लस म्हणजे गोमातेचा प्रसाद आहे, असे हिंदूंना पटविण्याचा ज्यांनी शतकाच्या आरंभी प्रयत्न केला होता, त्यांना रेडकाची ही निवड पाहून मौज वाटली असती.

तरी एक जुनी अडचण उरलीच. रेडकाची ओली लसही उन्हाळ्यात खेड्यांपर्यंत पोहोचेतो निकामी होई, आणि अयशस्वी लसीकरणाची ती विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत एक मोठी तक्रार होती. १९५० च्या दशकात गोठवून वाळविलेली लस मोठ्या प्रमाणावर बनविण्याचे तंत्र सिद्ध झाले. भारतात १९६२ मध्ये देवी-निर्मूलनाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाल्यावर ती लस प्रथम सोव्हिएत रशियाकडून आली आणि मग गिंडी, हैदराबाद, पटवाडांगर व बेळगाव येथे तयार होऊ लागली. १८०२ मध्ये समुद्रमार्गाने पाठविलेले दोरे जे करू शकले नव्हते ते ह्या कोरड्या भुकटीने केले. भारतातील देवीच्या शेवटच्या रोग्याची नोंद मे १९७५ मधील आहे.